रक्ताचा डाग आणि हरवलेला शब्द

मी आयुष्यभर भाषा शिकविली. वैद्यक हा माझा विषय नव्हे. तथापि मेंदूतील रक्तस्रावानंतर माणसाची स्मृती, अवधान आणि वाणी का ढळते, या शोधाचा इतिहास भाषेच्या अभ्यासकालाही आपलासा वाटावा असा आहे.

आघाताने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूत रक्तस्राव आढळतो, हे स्वित्झर्लंडमधील योहान याकोब वेप्फर यांनी १६५८ साली ग्रंथरूपाने मांडले. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी वाचा गेलेल्या रुग्णाच्या मेंदूत डाव्या पुढील भागातील इजा दाखविली. दोघांनाही पुरावा मिळाला तो शवविच्छेदनातून. १८९५ मध्ये क्ष-किरण आले. परंतु त्यांत कवटी दिसे, मेंदू नव्हे.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूचे सीटी चित्र घेतले. या चित्रात ताजे रक्त पांढरे दिसते. रक्तवाहिनी फुटली की तुंबली, हा भेद त्यामुळे तत्काळ करता येऊ लागला. हा भेद जीवनमरणाचा. कारण गुठळी विरघळविणारे औषध रक्तस्रावात घातक ठरते. काही आठवड्यांनी सीटीतला तो पांढरा डाग मावळतो. मात्र रक्तातील लोहाचा अवशेष एमआरआयच्या विशिष्ट चित्रणात पुढे कित्येक वर्षे काळा दिसतो. १९९० च्या दशकात विकसित झालेल्या डिफ्युजन टेन्सर चित्रणाने मेंदूतील तंतुमार्गही रेखाटता येऊ लागले. थॅलॅमससारख्या खोल भागातील लहानशी जखम दूरच्या केंद्रांचे कार्य कसे विस्कटते, याचा उलगडा त्यातून होतो. हातपाय धड असूनही हिशेब जमेनासा झालेल्या माणसाला हट्टी वा वेडसर ठरविण्याचे कारण मग उरत नाही.

परंतु चित्र सांगते ती जखमेची जागा. काय हरपले, हे त्या माणसाशी बोलूनच कळते. आणि बोलायचे कोणत्या भाषेत? अनेक भाषा जाणणाऱ्या रुग्णाच्या सर्व भाषा सारख्याच परत येतात असे नाही, हे आल्बेर पीत्र यांनी १८९५ मध्येच दाखविले होते. आपल्या सीमाभागात घरची भाषा मराठी, कचेरीची कन्नड, दवाखान्याची बहुधा इंग्रजी. माझ्या परिचयाच्या एका वृद्ध शिक्षकांची चाचणी परक्या भाषेत झाली आणि ते स्मृतिभ्रष्ट ठरले; घरी मात्र नातवाचे पाढे ते अचूक तपासत होते.

म्हणून रुग्णाची परीक्षा त्याच्या मातृभाषेत व्हावी, हा आग्रह आपण धरला पाहिजे. मराठी शाळा टिकविण्याइतकेच हेही भाषेचे कार्य आहे.