सर, मग छाती भाजत कशी नाही?

परवा नातीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'श्वसन' हा धडा दिसला आणि १९७८ सालचा एक तास आठवला. मी मराठी-इतिहासाचा मास्तर. विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले आणि आठवीचा वर्ग माझ्या गळ्यात पडला. मी दिले ठोकून, "फुफ्फुस म्हणजे चूल. अन्न हे सरपण, प्राणवायूने ते तिथे जळते, म्हणून अंग गरम." मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला. "सर, मग छाती भाजत कशी नाही?" वर्ग हसला. मी त्याला दरडावून खाली बसवले.

निवृत्तीनंतर फ्रेंच राज्यक्रांतीवर वाचताना लाव्हाझिए भेटला. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसला त्याने आणि गणिती लाप्लासने एक दुहेरी भांडे केले. बाहेरच्या कप्प्यात बर्फ, आतल्या कप्प्यातही बर्फ, आणि मधोमध पिंजऱ्यात गिनिपिग. बाहेरचा बर्फ खोलीची ऊब अडवणार, म्हणजे आतला वितळेल तो फक्त त्या जिवाच्या उबेने. १० तासांत १३ औंस पाणी झाले. त्या प्राण्याने जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडला, तेवढाच निघेल इतका कोळसा जाळला तर? हिशेब आला सुमारे साडेदहा औंस. आकडे तंतोतंत जुळले नाहीत, पण लाव्हाझिएला पुरेसे होते. श्वसन म्हणजे मंद ज्वलन! उष्णता मोजायला तराजू वापरणारा हा माणूस मला फार आवडला.

पण हे जळते कुठे? त्याचे उत्तर, फुफ्फुसात. म्हणजे माझेच की! क्षणभर बरे वाटले, खोटे कशाला सांगू.

पुढे वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले. लाग्रांज या गणितज्ञाने शंका काढली होती : सगळी उष्णता फुफ्फुसातच निघत असेल तर ती तापून निकामी होतील, ज्वलन रक्त फिरते तिथे सर्वत्र होत असावे. १७९१ साली ही शंका छापून आली. लाग्रांजला कोणी खाली बसवले नाही. लाव्हाझिएला मात्र ८ मे १७९४ रोजी गिलोटिनवर चढवले, सरकारी करवसुलीतल्या भागीदारीपायी.

लाग्रांजचेही अर्धेच बरोबर होते. इटलीच्या स्पालान्झानीने शरीरापासून वेगळे केलेले ऊतीसुद्धा प्राणवायू घेतात हे पाहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर, १८०३ साली प्रसिद्ध झाले. १८७० च्या दशकात बॉनला प्फ्लूगरच्या प्रयोगशाळेत बेडकांचे रक्त काढून मिठाचे पाणी भरले, तरी श्वसन चालूच! चूल पेशीत होती.

आणि ती चूलही नव्हेच. १९३७ साली शेफील्डला हान्स क्रेब्जने दाखवले की पेशीत अन्न एकदम भडकत नाही. सायट्रिक आम्लाच्या चक्रातून पायरीपायरीने मोडते. त्यातली बरीच ऊर्जा 'एटीपी' या रेणूत साठते, उरलेली ऊब होते. क्रेब्जने प्रयोगाला घेतला होता कबुतराच्या छातीचा स्नायू. छातीचाच!

त्या पोराचे नाव काही केल्या आठवत नाही. खिडकीकडचा बाक तेवढा आठवतो.