दोन लंबक आणि एक नियम : संवेग अक्षय्यतेची कसोटी

🧵 #इतिहास #विज्ञान

१/ टक्कर होण्यापूर्वीचा एकूण संवेग आणि टक्कर झाल्यानंतरचा एकूण संवेग, बाह्य बल नसेल तर, सारखाच असतो. शालेय पुस्तकात हा सिद्धांत एका वाक्यात येतो. ते वाक्य प्रयोगाच्या कसोटीवर पक्के ठरायला मात्र सतराव्या शतकातील युरोपला चाळीसहून अधिक वर्षे लागली.

२/ १६४४ साली रने देकार्त या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने आपल्या ‘प्रिन्सिपिया फिलॉसॉफिए’ या लॅटिन ग्रंथात टकरीचे सात नियम मांडले. ईश्वराने विश्वात घातलेली एकूण गती कधीही कमीजास्त होत नाही, ही त्यांची बैठक. गतीचे परिमाण म्हणजे पदार्थाचा आकार गुणिले वेग. या हिशेबात दिशेला स्थान नव्हते.

३/ त्यातला चौथा नियम असा : स्थिर असलेल्या मोठ्या पदार्थावर लहान पदार्थ कितीही वेगाने आदळला, तरी मोठा जागचा हलत नाही, लहान तेवढा मागे फिरतो. गोट्या खेळणाऱ्या पोरालाही हे पटले नसते.

४/ अनुभव विरोधात जातो, हे देकार्त जाणून होता. त्याचे म्हणणे असे की, हे नियम पूर्णतः कठीण आणि भोवतालापासून अलग असलेल्या पदार्थांचे आहेत, आणि तसे पदार्थ निसर्गात नाहीत. १६४७ च्या फ्रेंच आवृत्तीत तर इंद्रियांपेक्षा बुद्धीवर विश्वास ठेवावा, अशी भूमिका आली. म्हणजे प्रयोगाने नियम खोटा ठरवण्याची वाटच बंद.

५/ डच गणिती क्रिस्तियान हायगेन्स याला हे नियम चुकीचे असल्याचे १६५० च्या दशकातच कळून चुकले होते. १६५६ च्या सुमारास त्याने टकरीवर प्रबंध लिहिला. पण तो छापला गेला १७०३ साली, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी.

६/ १६६८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने हा प्रश्न हाती घेतला. जॉन वॉलिस, ख्रिस्तोफर रेन आणि हायगेन्स या तिघांनी आपापली उत्तरे पाठवली. वॉलिसने टकरीनंतर एकत्र जाणारे पदार्थ घेतले, इतर दोघांनी उसळून वेगळे होणारे. तिघांच्या हिशेबात एक गोष्ट समान होती : उलट दिशेची गती वजा धरायची.

७/ आता प्रश्न पडताळ्याचा. आदळणाऱ्या गोळ्याचा क्षणिक वेग मोजेल असे घड्याळ त्या काळी नव्हते. तोडगा निघाला लंबकातून. गॅलिलिओच्या नियमानुसार खाली आलेल्या वस्तूच्या वेगाचा वर्ग उंचीच्या प्रमाणात असतो. वर्तुळाच्या भूमितीत त्याच उंचीच्या प्रमाणात जीवेचा वर्ग असतो. म्हणून तळाशी येणारा वेग लंबकाने कापलेल्या कंसाच्या जीवेच्या प्रमाणात. घड्याळ नको, फूटपट्टी पुरे!

८/ दोन गोळे दोऱ्यांनी शेजारी टांगायचे. एक ठरावीक अंतरावरून सोडायचा, तळाशी टक्कर होऊ द्यायची आणि प्रत्येक गोळा किती वर चढतो ते पाहायचे. रेनने हा प्रयोग रॉयल सोसायटीपुढे केला. फ्रान्समध्ये एदम मारिओत याने १६७३ साली टकरीवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

९/ तरीही आकडे तंतोतंत जुळत नव्हते, कारण हवेचा अवरोध. न्यूटनने एक युक्ती केली. टक्कर न घडवता लंबक सोडायचा आणि एका पूर्ण आंदोलनात तो किती मागे पडतो ते मोजायचे. आंदोलनात चार पाव भाग असतात, म्हणून त्या तुटीचा साधारण चौथा हिस्सा एका उतरणीच्या नावे टाकायचा. टकरीनंतरच्या चढणीलाही अशीच दुरुस्ती.

१०/ ‘प्रिन्सिपिया’ (१६८७) या ग्रंथात न्यूटन सांगतो : लंबक १० फुटांचे, गोळे ८, १२, १६ फुटांवरून सोडलेले, आणि चूक ३ इंचांच्या आत.

११/ त्याचे एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. अ हा गोळा १२ भाग गतीने येतो, ब हा समोरून ६ भाग गतीने. टकरीनंतर अ मागे फिरतो २ भागांनी, ब ८ भागांनी. देकार्तच्या हिशेबाने आधी १८, नंतर १० : गती नाहीशी झाली! दिशा धरली तर आधी १२ − ६ = ६, नंतर ८ − २ = ६. जमाखर्च चोख.

१२/ राहता राहिली देकार्तची पळवाट : असे कठीण पदार्थ निसर्गात आहेतच कुठे? हा आक्षेप न्यूटनने स्वतःच उपस्थित केला आणि लोकर, पोलाद, बूच व काच यांचे गोळे घेतले. घट्ट वळलेल्या लोकरीचे गोळे एकमेकांपासून दूर जाण्याचा वेग जवळ येण्याच्या वेगाच्या सुमारे ५/९ भरला. काचेचा सुमारे १५/१६. उसळी प्रत्येकाची निराळी, पण एकाने गमावलेली गती दुसऱ्याच्या खाती तेवढीच जमा!

१३/ आज शाळेच्या प्रयोगशाळेत दोन ढकलगाड्या एकमेकींवर आदळतात, तेव्हा वेगाला धन-ऋण चिन्ह द्यायला विद्यार्थी हमखास विसरतो आणि उत्तर चुकते. ती चूक क्षुल्लक नव्हे. तीच देकार्तनेही केली होती. फरक इतकाच की, विद्यार्थी आकडे पुन्हा तपासतो. देकार्तने निसर्गालाच अपवाद ठरवले. लोकरीच्या गोळ्यांनी तो अपवाद नियमात आणून बसवला.