सेइगो नाराझाकी : चार वर्ल्ड कप, खेळायला मिळाला एकच

फुटबॉलमध्ये गोल करणाऱ्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. गोल अडवणाऱ्याचं सहसा चुकल्यावरच निघतं. त्यातही संघात गोलकीपरची जागा एकच. म्हणून जपानचे गोलकीपर सेइगो नाराझाकी यांची ओळख आपण करून घेऊ.

सुरुवात आणि पहिला धक्का

जन्म १५ एप्रिल १९७६, नारा प्रांत. शाळा संपताच १९९५ साली ते योकोहामा फ्लुगेल्स या क्लबमध्ये दाखल झाले आणि लवकरच पहिल्या पसंतीचे गोलकीपर बनले. पण ऑक्टोबर १९९८ मध्ये बातमी आली : पैशांच्या अडचणीमुळे क्लब बंद होणार, शहरातल्याच मारिनोस क्लबमध्ये विलीन होणार. नाराझाकी तेव्हा २२ वर्षांचे होते. खेळाडू मात्र खेळत राहिले. १ जानेवारी १९९९ रोजी फ्लुगेल्सने शिमिझू एस-पल्सला २-१ ने हरवून एम्परर्स कप जिंकला. क्लबचा तो शेवटचा सामना.

नागोयाची वीस वर्षं

त्याच वर्षी ते नागोया ग्रॅम्पसमध्ये गेले आणि २०१८ पर्यंत तिथेच राहिले. २०१६ च्या शेवटी क्लब इतिहासात पहिल्यांदाच दुसऱ्या श्रेणीत घसरला. चाळिशीतले नाराझाकी सोडून गेले नाहीत. पुढचा हंगाम ते खालच्या श्रेणीत खेळले आणि संघ पुन्हा वर आला. जानेवारी २०१९ मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली. जपानच्या पहिल्या श्रेणीत तोवर त्यांचे ६३१ सामने झाले होते. तो तेव्हाचा विक्रम होता. २०२० मध्ये यासुहितो एंदो यांनी तो मोडला.

देशासाठी

१९९८, २००२, २००६ आणि २०१० अशा चार वर्ल्ड कपच्या संघांत त्यांचं नाव होतं. पण मैदानात उतरले ते फक्त २००२ मध्ये. मायदेशातल्या त्या स्पर्धेत जपानचे चारही सामने ते खेळले. रशिया आणि ट्युनिशियाविरुद्ध एकही गोल होऊ दिला नाही आणि जपान पहिल्यांदाच बाद फेरीत पोहोचला. तिथे तुर्कस्तानने १-० ने हरवलं.

बाकी तीन स्पर्धांतले दहा सामने बाकावर बसून गेले. १९९८ आणि २००६ ला गोलपोस्टसमोर योशिकात्सु कावागुची होते. २०१० ला तर स्पर्धेच्या तोंडावर प्रशिक्षकांनी एजी कावाशिमा यांना पुढे केलं. नाराझाकी तेव्हा ३४ वर्षांचे. आता संपलं, असंच कुणालाही वाटलं असतं.

त्याच वर्षी नागोयाने पहिल्यांदा लीग जिंकली आणि हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरले नाराझाकी. जपानच्या लीगमध्ये हा मान मिळवणारे ते पहिलेच गोलकीपर.

आपल्या मुलांसाठी

आम्ही शिक्षक मंडळी दरवर्षी पाहतो : निवड यादीत नाव आलं नाही की मूल खेळच सोडून देतं, आणि घरचेही म्हणतात, जाऊ दे, अभ्यास कर. अशा वेळी नाराझाकींचा हिशेब मुलांना जरूर सांगावा. देशासाठी ७७ सामने, वर्ल्ड कपचे चार. निवड कुणाची करायची हे दुसऱ्याच्या हातात असतं. दुसऱ्या दिवशी सरावाला जायचं की नाही, हे मात्र आपल्याच हातात असतं.