जन्मसिद्ध नागरिकत्व व परदेशी पालक, आयर्लंडमधील

एखाद्या देशाच्या भूमीवर जन्मल्याने अपत्यास मिळणारे नागरिकत्व आणि त्या आधारे त्याच्या परदेशी मातापित्यांनी सांगितलेला निवासाचा हक्क, यांविषयीचा आयर्लंडमधील कायद्याचा इतिहास. नागरिकत्व ठरविण्याची दोन प्रमुख तत्त्वे आहेत : जन्मभूमितत्त्व व वंशतत्त्व. पहिले तत्त्व पाळणाऱ्या देशात पिता, माता व अपत्य हे तीन भिन्न राष्ट्रांचे नागरिक असू शकतात. अशा वेळी अपत्यास देशात राहण्याचा हक्क असतो. पालकांना तो असेलच असे नाही.

आयर्लंडमधून दीर्घकाळ लोक बाहेरच जात राहिले. त्यामुळे १९५६ च्या नागरिकत्व अधिनियमाने आयर्लंडमध्ये जन्मणाऱ्यास नागरिकत्व दिले, तेव्हा परदेशी पालकांचा प्रश्न फारसा उद्‌भवला नाही. तो फाजुजोनू खटल्यात (१९८९) प्रथम ठळकपणे पुढे आला. त्यातील पती नायजेरियाचा, पत्नी मोरोक्कोची व मुले आयरिश नागरिक होती. नागरिक असलेल्या बालकास मातापित्यांच्या सहवासाचा व संगोपनाचा हक्क आहे आणि लोकहिताच्या दृष्टीने गंभीर कारण असल्याखेरीज पालकांना हद्दपार करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. त्यानंतर अशा पालकांना निवासाची परवानगी देण्याचा प्रघात पडला.

बेलफास्ट करारानंतर (१९९८) बेटावरील जन्माचा हक्क संविधानातही समाविष्ट झाला. याच सुमारास देशाची आर्थिक भरभराट होऊन परदेशी लोक तेथे येऊ लागले. १९९२ मध्ये ३९ असलेले आश्रयार्थींचे अर्ज २००२ मध्ये ११,६३४ झाले. गरोदर स्त्रिया केवळ प्रसूतीसाठी येतात, असा आक्षेप घेतला जाऊ लागला. जानेवारी २००३ मध्ये एका चेक रोमा कुटुंबाच्या व एका नायजेरियन पित्याच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी असा निर्णय दिला, की अपत्याच्या नागरिकत्वामुळे पालकांना निवासाचा हक्क आपोआप मिळत नाही. त्या वेळी अकरा हजारांहून अधिक अर्ज प्रलंबित होते.

११ जून २००४ रोजी झालेल्या सार्वमतात सु. ७९ टक्के मतदारांनी संविधानदुरुस्तीस मान्यता दिली. प्रसूतिरुग्णालयांवरील ताण हे कारण शासनाने पुढे केले होते. तथापि आपण संविधानदुरुस्तीची मागणी केली नव्हती, असे डब्लिनमधील रुग्णालयांच्या प्रमुखांनी स्पष्ट केले. १ जानेवारी २००५ पासून लागू झालेल्या अधिनियमानुसार, आईवडिलांपैकी एक जण आयरिश वा ब्रिटिश नागरिक असल्यास किंवा त्यास निर्बंधरहित निवासाचा हक्क असल्यास अपत्य जन्मतः नागरिक ठरते. अन्य परदेशी पालकांच्या बाबतीत, जन्मापूर्वीच्या चार वर्षांपैकी तीन वर्षे त्यांपैकी एकाचा वैध निवास आवश्यक असतो. विद्यार्थी वा आश्रयार्थी म्हणून काढलेला काळ त्यात धरला जात नाही. परिणामी एकाच कुटुंबातील थोरले मूल नागरिक व धाकटे परदेशी, अशी स्थिती निर्माण होऊ शकली. जुन्या कायद्याखाली जन्मलेल्या मुलांच्या पालकांसाठी २००५ मध्ये विशेष योजना आखण्यात आली. तीत आलेल्या सु. १८,००० अर्जांपैकी १६,००० हून अधिक मंजूर झाले. मात्र कुटुंबातील इतरांना बोलावून घेण्याचा हक्क त्यातून मिळत नाही, हे अर्जदारास मान्य करावे लागे.

यूरोपीय न्यायालयाच्या दोन निर्णयांनी या प्रश्नास वेगळी दिशा दिली. बेलफास्टमध्ये जन्मलेल्या आयरिश बालिकेच्या चिनी मातेस, पुरेसे उत्पन्न व आरोग्यविमा असल्यास, ब्रिटनमध्ये बालिकेसमवेत राहता येईल, असा निर्णय ऑक्टोबर २००४ मध्ये झाला. झांब्रानो खटला (२०११) बेल्जियममधील कोलंबियन पित्यास बेकारीभत्ता नाकारल्यामुळे उद्‌भवला. पालकास निवास व कामाचा परवाना नाकारल्याने बालनागरिकास यूरोपीय संघ सोडावा लागत असेल, तर तो नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले.

सामाजिक लाभांचे निकष याहून वेगळे आहेत. आयर्लंडमधील मातृत्वभत्ता सामाजिक विम्याच्या वर्गणीवर अवलंबून असतो, राष्ट्रीयत्वावर नव्हे. बालभत्ता पूर्वी सर्वांना मिळे. १ मे २००४ पासून त्यास नित्यनिवासाची अट घालण्यात आली. त्यानंतर आलेली आश्रयार्थी कुटुंबे त्यास सामान्यतः मुकली.

भारतातही १९५५ च्या अधिनियमातील जन्मभूमितत्त्व १९८७ पासून व पुन्हा डिसेंबर २००४ पासून मर्यादित करण्यात आले. मुलाचे नागरिकत्व त्याच्या जन्मस्थळापेक्षा पालकांच्या कायदेशीर दर्जावरून ठरविण्याची प्रवृत्ती या दोन्ही देशांत दिसते.