तळटीप : ‘मोलेस्तार’

३. मोलेस्तार : स्पॅनिशमध्ये याचा अर्थ त्रास देणे, व्यत्यय आणणे. हॉटेलच्या दारावर ‘नो मोलेस्तार’ अशी पाटी असते, ती झोपमोड करू नका एवढंच सांगते. इंग्रजी ‘मोलेस्ट’ त्याच लॅटिन मुळाचा, पण आज तो मुख्यतः लैंगिक अत्याचाराचा शब्द आहे. जबानीत केवळ रूपसाम्यावर भिस्त ठेवली, तर खोडी काढल्याची तक्रार गंभीर गुन्हा होऊन बसते. उलटा प्रकार अधिक घातक : पीडितेनं सांगितलेला अत्याचार नुसती कटकट ठरतो. म्हणून प्रस्तुत अनुवादात प्रत्येक ठिकाणी संदर्भ पाहून ‘त्रास देणे’ किंवा ‘अत्याचार करणे’ असं स्वतंत्रपणे लिहिलं आहे.

‘वादग्रस्त’ या अर्थाच्या शब्दांत रूपसाम्याची अशी अडचण कमी. स्पेनमध्ये ‘पोलेमिको’ किंवा ‘कोंत्रोव्हेर्तिदो’ म्हणतात, तर लॅटिन अमेरिकेत ‘कोंत्रोव्हेर्सियाल’ सर्रास चालतो. ‘दिस्कुसिओन’ मात्र जपून वाचावा. ती चर्चा असते, तशीच शब्दाला शब्द लागून झालेलं भांडणही.

न्यायालयात अशा काटेकोर भाषांतराचं मोल मोठं आहे. रोहेलियो नेग्रोन या पोर्तो रिकन आरोपीला इंग्रजी येत नव्हतं, त्याच्या वकिलाला स्पॅनिश. न्यूयॉर्क राज्यातल्या त्याच्या खुनाच्या खटल्यात दुभाषी अधूनमधून, तोही साक्षींचा गोषवाराच सांगे. १९७० साली संघीय अपील न्यायालयानं ही सुनावणी घटनाबाह्य ठरवली. १९७८ मध्ये संघीय न्यायालयांसाठी दुभाष्यांचा कायदा झाला. – संपा.