घरातल्या समुद्राचे मोल

हजारो लिटर पाण्याच्या घरगुती प्रवाळ-टाकीत आज विजेचे पंप अहोरात्र पाणी खेळवतात. मुळात हे काम मोलकरणीचे होते. १८४६ मध्ये ॲना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरची प्रवाळे लंडनला आणली. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण ते रोज उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे.

१८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या ‘द अक्वेरियम’ने या छंदाची लाट आणली. हौशी संग्राहकांनी इंग्लंडचे किनारे कसे ओरबाडले, हे त्यांच्याच मुलाने, एडमंडने, १९०७ मध्ये खेदाने लिहून ठेवले.

१९६१ मध्ये जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकी मासिकातून वेगळी वाट दाखवली: टाकीत जिवंत खडक ठेवायचा, वर हवेचे बुडबुडे सोडायचे, घाण पचवण्याचे काम खडकातले सूक्ष्मजीव करतात. श्रम वाचले, पण तो खडकही समुद्रातूनच काढलेला. भारतात २००१ पासून प्रवाळभित्ती रचणारी प्रवाळे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. टाकी कितीही मोठी असो, तिच्यातला समुद्र कुठून आला, हे विचारावेच लागते.