‘यादी’: सातारा-सांगलीकडील दफ्तरांतील एका शब्दाचा इतिहास

आजच्या मराठीत ‘यादी’ म्हणजे एकाखाली एक लिहिलेल्या नावांची वा कामांची ओळ. वाण्याच्या यादीपासून मोबाइलमधील कामांच्या यादीपर्यंत हाच अर्थ रूढ आहे. अशा ॲपमध्ये काम नोंदवावे, ते झाले की खूण करावी आणि ते दृष्टीआड व्हावे, हा शिरस्ता. मराठेशाहीतील दफ्तरांत मात्र ‘याद’ वा ‘यादी’ ह्या संज्ञेचा व्यवहार याहून बराच भारदस्त होता. तेथे नोंदलेले काम पुसले जाऊन संपत नसे. त्याला उत्तर मिळून ते संपे. या एका भेदाने पुढे इतिहाससंशोधनाचे मोठे हित साधले आहे.

‘याद’ हा फारशी शब्द असून त्याचा मूळ अर्थ स्मरण. स्मरणासाठी लिहिलेला कागद म्हणजे याद. मोल्सवर्थच्या कोशात स्मरण, टिपण आणि नामावळी हे अर्थ एकाच शब्दकुळात नांदतात. त्यांपैकी शेवटचाच आज उरला आहे. दफ्तरातील अन्य संज्ञाही याच व्यवहाराची साक्ष देतात. ‘फर्द’ म्हणजे सुटा कागद, तपशिलाचा तक्ता. तो लिहिणारा फर्दनवीस, म्हणजेच फडणीस. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, आणि रोजचे लेखन ती रोजनिशी. शिवकालीन अष्टप्रधानांपैकी मंत्री, म्हणजे वाकनीस, याच्याकडे राजाच्या दैनंदिन व्यवहाराची नोंद असे. राज्यव्यवहारकोशाने फारशी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी लिहिणाऱ्यांच्या बोटांत बसलेल्या या संज्ञा फारशा हलल्या नाहीत.

यादीची घडणही लक्षात घेण्याजोगी आहे. मागण्या अथवा विषय ‘कलम’ या घटकांत सुटे करून लिहीत, आणि प्रत्येक कलमाखाली किंवा कलमासमोर धन्याचा निर्णय नोंदवीत. मागणी मान्य, अमान्य की अंशतः मान्य, हे त्याच कागदावर उमटे. शेवटच्या ओळीनंतर मोर्तब होई. ‘मोर्तब सूद’ या शब्दप्रयोगातील ‘मुरत्तब’ म्हणजे रीतसर लावलेले आणि ‘शुद’ म्हणजे झाले. त्या शिक्क्यानंतर मजकूर वाढविण्यास वाव राहत नसे. नीटनेटकेपणाची ही कल्पना लिहिणाऱ्याच्या सोयीपुरती नव्हती. दुसऱ्याला दिलेल्या शब्दाचे ते बंधन होते.

यादीची जोडीदारीण रोजकीर्द. या शब्दाचे नाते ‘करणे’ या अर्थाच्या फारशी धातूशी जोडले जाते. यादीत जे करावयाचे ते असे, तर कीर्दीत जे घडले ते दिवसाच्या क्रमाने येई. कीर्दीतील रकमा पुढे खतावणीत खातेवार लावीत आणि वर्षअखेर ताळेबंद करीत. एकाच व्यवहाराची कालक्रमाने व विषयक्रमाने अशी दुहेरी नोंद झाल्यामुळे एका कागदावरची चूक दुसऱ्यावरून पकडता येई. गणेश चिमणाजी वाड यांनी सातारकर महाराज व पेशवे यांच्या रोजनिशींतून निवडलेले उतारे पुढे नऊ भागांत छापले गेले. त्यांच्याच आधारे न्या. रानडे यांनी १९०० मध्ये पेशव्यांच्या राज्यकारभारावर निबंध लिहिला. या रोजनिशींत मनोगत शोधणाऱ्याची निराशा होते. तेथे हुकूम, सूट, नेमणूक आणि नुकसानभरपाई आहे. याउलट साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज (राज्यकाल १८०८–१८३९) स्वहस्ते रोजनिशी ठेवीत, आणि एल्फिन्स्टनला त्याचे कौतुक वाटले होते. दफ्तराची शिस्त येथे व्यक्तीच्या हाती आलेली दिसते.

कलमवार लेखनाचे राजकीय वजन सांगली-मिरजेच्या इतिहासात ठसठशीतपणे दिसते. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळे होऊन सांगलीचे संस्थान उभे केले. दुसरा बाजीराव आणि दक्षिणेतील जहागिरदार यांचा कलह १८१२ मध्ये एल्फिन्स्टनच्या मध्यस्थीने मिटविण्यात आला, तोही कलमे ठरवून. जहागिरदारांनी पेशव्यांची चाकरी करावी व बेकायदा बळकावलेला मुलूख सोडावा. त्या बदल्यात त्यांचे सरंजाम सुरक्षित राहावेत, असा त्यांचा आशय होता. येथे एखादे कलम विसरणे म्हणजे मुलूख गमावणे होते.

अशा कागदांचे मोल ओळखणारे अभ्यासक याच भूमीत निपजले. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दफ्तरावरून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ १८९७ पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी कागदांचा प्रचंड संग्रह केला. त्यांना हे साधले, कारण संपलेल्या कामाचा कागद फाडण्याऐवजी रुमालात बांधून ठेवण्याची चाल होती.

दफ्तरे गेली तरी हा जुना अर्थ समाजात अगदीच लोपला नाही. लग्न ठरताना देण्याघेण्याची व मानपानाची जी यादी होते, ती केवळ नामावळी नसते. दोन्ही पक्षांसमक्ष ती लिहितात, वाचून दाखवितात आणि तीवर सह्या होतात. ‘यादी पे शादी’ या प्रयोगातील यादी म्हणजे करारच होय.

या पार्श्वभूमीवर आजच्या ॲपकडे पाहता साम्य व भेद दोन्ही स्पष्ट होतात. काम सुटे करणे, त्याला तारीख लावणे, विषयवार खाते पाडणे, शिल्लक काम पुढे ओढणे, या गोष्टी कारकुनांना अपरिचित नव्हत्या. परंतु आजची खासगी यादी बहुधा एकट्याची असते. तीत मागणारा, करणारा आणि निर्णय देणारा एकच. पूर्ण झालेली नोंद नजरेआड होते, आणि न झालेले काम का झाले नाही याचे उत्तर कोठेच लिहिलेले नसते. पदराला गाठ मारल्याने स्मरण राहते, जबाबदारी ठरत नाही. जुन्या यादीने या दोहोंची सांगड घातली होती. संस्था आणि कार्यालये आपला कारभार पडद्यावरील याद्यांतून चालवू लागली असताना, कलमाबरोबर त्याचा निर्णयही टिकवावयाचा की नाही, हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. उद्याच्या अभ्यासकाला आजचा कारभार वाचता येईल की नाही, हे त्यावरच ठरणार आहे.